यादीत नसलेला आजार

१

सोमवारी सकाळी शब्दबाईंनी कपाट उघडलं, तर वरच्या कप्प्यातली जाड फाइल जागेवर नव्हती. धुळीत तिच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

त्यांनी खालचे कप्पे पाहिले, टेबलं पाहिली, टाइपिंगच्या खोलीत चौकशी केली. मग खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

फाइलमध्ये चव्वेचाळीस चिठ्ठ्या होत्या. एकेक चिठ्ठी म्हणजे एकेका तान्ह्या बाळाच्या मृत्यूचा दाखला, आणि त्याला टाचलेला शवचिकित्सेचा कागद. ही चव्वेचाळीस बाळं दूध पिऊन झोपली होती आणि झोपेतच गेली होती. ना ताप, ना खोकला. चिरफाड करूनही डॉक्टरांच्या हाती काही लागलं नव्हतं.

या कचेरीचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. गावोगावचे डॉक्टर आपापल्या शब्दांत आजार लिहितात. कुणी धाप लिहितो, कुणी दम, कुणी असं काही लांबलचक लिहितो की ते त्याचं त्यालाही परत वाचता येऊ नये. या सगळ्यांना एका घरात आणून एक क्रमांक द्यायचा, आणि त्या क्रमांकांचं पुस्तक करायचं. पुस्तक दहा वर्षांतून एकदा नव्याने निघे. ज्याला क्रमांक नाही तो आजार मोजला जात नाही, आणि जो मोजला जात नाही त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

ही बाळं आजवर ज-९९ मध्ये पडत होती. ज-९९ म्हणजे ‘इतर व अस्पष्ट’. कचेरीत त्याला सगळे अडगळ म्हणत. येत्या गुरुवारी समिती बसणार होती आणि बाळांना अडगळीतून काढून स्वतःचा क्रमांक मिळणार होता, ज-९५. शुक्रवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं. चिठ्ठ्या नसतील तर समिती कशावर निर्णय घेणार? म्हणजे आणखी दहा वर्षं अडगळ.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. क्रमांक मागणारा दोन पानी प्रस्ताव त्याच कप्प्यात, फाइलला खेटून होता. चोराने त्याला हातही लावला नव्हता.

२

वरच्या कार्यालयाने तपासनीस पाठवला. पन्नाशी उलटलेला, चालताना एका गुडघ्याला जपणारा माणूस. पूर्वी तो न्यायालयात कारकून होता. त्याच्या अनुभवात हरवलेल्या दहा फायलींपैकी नऊ कुणाच्या तरी चहाच्या कपाखाली सापडत. दहावी मात्र माणसं उद्ध्वस्त करून जाई. प्रस्ताव मागे राहिल्याचं ऐकलं तेव्हाच त्याला वाटलं, ही दहावी असणार.

कपाटाची किल्ली साहेबांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे. गेल्या शुक्रवारी पाचनंतर चारच माणसं मागे थांबली होती. कचेरीचे साहेब, स्वतः शब्दबाई, आकडेवारी सांभाळणारा टक्के, आणि सल्लागार म्हणून येणारे शवचिकित्सेचे डॉक्टर.

साहेब महिनाअखेर निवृत्त होणार होते. पुस्तकावर आपलं नाव छापून यावं एवढीच त्यांची शेवटची इच्छा, आणि ती त्यांनी लपवली नाही. फाइल सापडो न सापडो, पुस्तक येत्या शुक्रवारी गेलंच पाहिजे असं त्यांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तसे स्वतःच ओशाळले आणि घाम पुसत गप्प झाले. हा माणूस घाबरट आहे, पण फाइलला हात लावणारा नाही, असं तपासनीसाने मनाशी ठरवलं.

टक्के हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कशाबद्दलही विचारा, तो शेकड्यात उत्तर देई, म्हणून सगळे त्याला टक्के म्हणत. ज-९५ला त्याचा उघड विरोध होता, आणि त्यावरून डॉक्टरांशी त्याची दोन वर्षं जुंपलेली होती. तपासनीसाने कारण विचारलं तसा तो तावातावाने बोलू लागला. चाळीस वर्षांचे आकडे त्याने एका रांगेत लावलेत. एक नवं घर केलं की जुन्या घरातली माणसं तिकडे जातात आणि रांग मोडते. मग आजार खरंच घटला की नुसतं नाव बदललं, ते कुणाच्या बापाला कळत नाही.

“म्हणून फाइल उचललीत?” तपासनीसाने विचारलं.

टक्के हसला नाही. “उचलायची असती तर प्रस्तावही उचलला असता. मला तो क्रमांक नको आहे. त्या पोरांच्या चिठ्ठ्यांशी माझं काय भांडण?”

उत्तर पटण्यासारखं होतं. जाता जाता टक्केने आणखी एक सांगितलं. शुक्रवारी दुपारी एका मोठ्या इस्पितळाकडून शेवटच्या नऊ चिठ्ठ्या आल्या. त्यांचा आकडा बुधवारीच फोनवर कळला होता, पण कागद तेव्हा हातात पडले. डॉक्टर ते घेऊन खिडकीपाशी गेले आणि उभ्याउभ्या वाचत राहिले. एरवी टक्केशी दोन हात केल्याशिवाय ते घरी जात नसत. त्या दिवशी जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझंच बरोबर असेल. नाही मिळाला क्रमांक तरी चालेल.”

“दोन वर्षं माझ्याशी भांडले,” टक्के म्हणाला, “आणि जिंकायच्या आदल्या आठवड्यात हरले. ते का, मला काही कळलं नाही.”

३

डॉक्टर मंगळवारी भेटले. उंच, वाकलेले, खरखरीत आवाजाचे. ज-९५ची कल्पना त्यांचीच. तिच्यासाठी त्यांनी पदरमोड करून प्रवास केले होते, इस्पितळांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, प्रस्तावही स्वतःच्या हाताने लिहिला होता. फाइल गेल्याने सर्वांत जास्त नुकसान कुणाचं झालं असेल तर त्यांचं. साहजिकच तपासनीस त्यांच्याशी सांत्वनाला गेल्यासारखा बोलला.

डॉक्टर त्याच्याकडे न पाहता उत्तरं देत होते. शुक्रवारी सहाला निघालो. कपाट बंद होतं. कुणावर संशय नाही. हे काम इतकं महत्त्वाचं का, असं तपासनीसाने सहज विचारलं.

“पंचेचाळीस लेकरं आहेत हो,” ते म्हणाले. “पंचेचाळीस आया. प्रत्येकीला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.”

तपासनीसाने मान हलवली, आभार मानले आणि तो जिना उतरू लागला. अर्ध्या जिन्यावर त्याचा पाय थबकला.

पंचेचाळीस?

आवक नोंदवहीत चव्वेचाळीस होते. शब्दबाई चव्वेचाळीस म्हणाल्या होत्या, टक्केही. त्याने बॅगेतून प्रस्ताव काढला. पहिल्याच ओळीत, डॉक्टरांच्याच अक्षरात, चव्वेचाळीस.

एकाची चूक कुणाचीही होते. पण जो माणूस दोन वर्षं एकेक करून ही बाळं गोळा करतो, त्याची होत नाही.

४

शब्दबाई सव्वीस वर्षं पुस्तकाची शब्दसूची करत होत्या, त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. कुठला शब्द कुठल्या क्रमांकाकडे जातो, ते त्यांना न पाहता सांगता येई. बोलताना चुकून कुणी ‘डोकं दुखतंय’ म्हटलं तर त्या ‘कुठल्या बाजूचं?’ असं विचारत, आणि ती काळजी नसे, सवय असे.

तपासनीसाने त्यांना विचारलं, चव्वेचाळीसचे पंचेचाळीस कसे होतील?

“माझ्याकडून होणार नाहीत,” त्या म्हणाल्या.

“तुमच्याकडून नको. आणखी एखादं बाळ अगदी तसंच गेलं असेल आणि तुमच्या फाइलमध्ये आलं नसेल, असं होऊ शकतं का?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मरण कसं आलं ते आपण शोधत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. डॉक्टर चिठ्ठीवर जो शब्द लिहितो, त्याला आपण घर देतो. ‘कारण सापडलं नाही’ असं लिहिलेली बाळं अडगळीत गेली, म्हणून अडगळ उपसून त्यांनी ती गोळा केली. पण एखाद्या डॉक्टरने भलतंच काही ठामपणे लिहिलं असेल, तर ते बाळ भलत्याच घरात जाऊन पडलेलं असणार. तिथे शोधायचं कुणाला सुचणार?

एवढं बोलून त्यांनी चष्मा परत चढवला.

“शुक्रवारी डॉक्टरांनी मला हेच विचारलं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “नऊ-दहा वर्षांपूर्वीच्या ‘ह’ प्रकरणातल्या चिठ्ठ्या अजून आहेत का म्हणून. मी सांगितलं, तळघरात आहेत.”

“ह म्हणजे?”

“बाहेरून झालेली इजा. पडणं, भाजणं, बुडणं. आणि माणसाने माणसाला मारणं.”

५

तळघरात ओल होती. दोन दिव्यांपैकी एकच लागत होता. शब्दबाईंनी पदर खोचला आणि खोकी उतरवायला सुरुवात केली. तपासनीस गुडघा सांभाळत खाली बसला. नऊ वर्षांपूर्वीच्या खोक्यात त्यांना हवा तो गठ्ठा मिळाला. ह-४१, दुसऱ्याने श्वास कोंडून मारलेली तान्ही मुलं. त्या वर्षात सहा.

पाच चिठ्ठ्यांवर खुणा लिहिलेल्या होत्या. गळ्यावर वळ, ओठ फाटलेला, नाकाशी जखम. सहावीवर तसं काहीच नव्हतं. तीन महिन्यांचा मुलगा, अंगावर एकही ओरखडा नाही. फुप्फुसांवर आणि हृदयाच्या वेष्टनावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. त्याखाली मृत्यूचं कारण, ‘उशीने किंवा हाताने श्वास कोंडल्यामुळे’. सही डॉक्टरांची होती.

शब्दबाईंनी ठिपक्यांची ओळ दोनदा वाचली.

“हे ठिपके,” त्या म्हणाल्या, “माझ्या चव्वेचाळीसांपैकी तीसएक जणांत आहेत. शुक्रवारच्या नऊ जणांत तर सगळ्यांत होते.”

“ती नऊ बाळं कुठे गेली होती?”

“इस्पितळात. पाळण्यात, एकेकटी. समोर परिचारिका बसलेली. कुणी हात लावायला जवळसुद्धा नव्हतं.”

त्यांनी सहावी चिठ्ठी गठ्ठ्यातून काढून तपासनीसाच्या हातात दिली. वर कुणीतरी खुर्ची ओढली, तो आवाज तेवढा खाली आला.

त्या संध्याकाळी तपासनीस घरी गेला तेव्हा त्याची लेक तिच्या दोन महिन्यांच्या मुलाला निजवून स्वयंपाकघरात गेली होती. तो कोट न काढताच पाळण्यापाशी गेला आणि बाळाच्या नाकाशी बोट धरून उभा राहिला. बोटाला श्वास लागला, तरी ते काढवेना. लेकीने विचारलं, बाबा, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, माझे हात गार होते, ऊब घेतोय.

बुधवारी तो त्याच्या जुन्या न्यायालयात गेला. दप्तरखान्यातला माणूस ओळखीचा होता. चिठ्ठीवरच्या आईच्या नावाने निकाल मिळायला तासभरही लागला नाही. तिला जन्मठेप झाली होती. साक्षीदारांत शेजारी होते, सासू होती, पण निकाल उभा होता तो डॉक्टरांच्या साक्षीवर. आरोपीच्या वकिलाने त्यांना एकच बरा प्रश्न विचारला होता. असे ठिपके एखाद्या आजाराने येऊ शकतात का?

तपासनीसाने उत्तर वाचलं आणि कागद मिटून ठेवला.

६

डॉक्टर एकटेच राहत. पाचच्या सुमारास त्यांनी स्वतः दार उघडलं, आणि तपासनीसाला पाहून ‘या’ एवढंच म्हणाले. फाइल जेवणाच्या टेबलावर होती. ती लपवण्याचा प्रयत्नही त्यांनी केलेला नव्हता.

“कशावरून कळलं?” त्यांनी विचारलं.

तपासनीसाने सरळ सांगून टाकलं. ज्याला क्रमांक नको असेल तो आधी प्रस्ताव फाडेल. ज्याने प्रस्ताव ठेवला आणि चिठ्ठ्या नेल्या, त्याला क्रमांकाची नाही, त्या चिठ्ठ्यांत लिहिलेल्या गोष्टीची भीती होती. ती गोष्ट शुक्रवारच्या नऊ कागदांत होती, आणि ते वाचून एकच माणूस बदलला. “आणि तुम्ही पंचेचाळीस म्हणालात. फाइलमध्ये चव्वेचाळीस आहेत. पंचेचाळिसावं बाळ तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.”

डॉक्टरांनी डोळ्यांवर हात ठेवला. आपण पंचेचाळीस म्हणालो हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

मग ते बोलत गेले आणि तपासनीसाने त्यांना मध्ये अडवलं नाही. त्या काळी सगळ्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं होतं. ठिपके म्हणजे श्वास कोंडला. त्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. पुढे काही वर्षांनी झोपेत गेलेलं एक बाळ त्यांच्या टेबलावर आलं, मग दुसरं. त्यांना कुतूहल वाटू लागलं आणि त्यांनी त्यांचा पिच्छा पुरवला. हे निराळं आहे, ते निराळं होतं, असं ते स्वतःला समजावत राहिले. घरात निजलेल्या बाळांबद्दल काहीही म्हणता येत होतं. शेजारी आई असायची, आजी असायची. मग पाळण्यातली नऊ बाळं आली, आणि म्हणायला काही उरलं नाही.

“त्या वकिलाने तुम्हाला विचारलं होतं,” तपासनीस म्हणाला.

“विचारलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “मी म्हणालो, असा कोणताही आजार यादीत नाही. पुस्तक हातात धरून म्हणालो. न्यायाधीशांनी पुस्तक मागून घेतलं, पानं उलटून पाहिली. नव्हताच. मीच तेव्हा त्या समितीवर होतो.”

क्रमांक मिळाला की कुणीतरी विचारणार, हा आजार केव्हापासून आहे, तुम्ही आधी काय लिहीत होता. त्यांना थोडे दिवस हवे होते. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येईना. फाइल पिशवीत घालून ते दोनदा बायकांच्या तुरुंगापर्यंत गेले होते. दोन्ही वेळा फाटकावरच्या शिपायाने कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं, आणि दोन्ही वेळा त्यांच्या तोंडून त्या आईचं नाव निघालं नाही.

तपासनीसाने खिशातून तळघरातली चिठ्ठी काढली आणि फाइलवर ठेवली.

“उद्या समिती अकराला बसते,” तो म्हणाला. “मी माझा अहवाल बाराला लिहायला घेईन.”

७

गुरुवारी अकराला डॉक्टर आले. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि बसायला सांगितलं तरी उभ्यानेच सगळं सांगितलं. आधी चव्वेचाळीस जणांचं, मग एकाचं. साहेब खाली मान घालून बसले होते. बोलणं संपल्यावर ज-९५च्या बाजूने पहिला हात टक्केचा वर गेला.

पुस्तक चार दिवस उशिरा छापलं गेलं. डॉक्टरांनी न्यायालयाला लिहून दिलं. त्यांची सल्लागारी गेली, चौकशी झाली, सही करण्याचा अधिकारही गेला. त्यांच्याकडे कुणी जाईनासं झालं. त्या आईची सुटका व्हायला मात्र आणखी चौदा महिने लागले, कारण जे दार लावायला एक वाक्य पुरलं होतं ते उघडायला तीन न्यायाधीश लागले.

सुटून ती घरी गेली. घर म्हणजे आता तिच्या नवऱ्याचा दुसरा संसार होता. दारातून परत फिरली आणि भावाकडे राहू लागली. काही दिवसांनी तिने तपासनीसाचा पत्ता शोधून काढला आणि म्हणाली, मला ती कचेरी बघायची आहे.

तो तिला घेऊन गेला. चाळिशीही गाठली नसेल, पण तुरुंगाने तिला म्हातारी करून सोडलं होतं. शब्दबाईंनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. आपला मुलगा इथे कुठे आहे, असं तिने विचारलं. शब्दबाईंनी टक्केकडे पाहिलं. जुनी चिठ्ठी पुन्हा नव्या घरात हलवायची नाही असा कचेरीचा कडक नियम होता, आणि त्या नियमासाठी सर्वांत जास्त कोण भांडायचं, तर टक्के.

टक्के उठला. कपाटातून त्याने दहा वर्षांपूर्वीचा तक्ता काढून तिच्यासमोर पसरला. ह-४१च्या रकान्यात सहाचा आकडा खोडून पाच केलेला होता, आणि कडेला तारीख घालून त्याने सही केली होती. तारीख तिच्या सुटकेच्या दुसऱ्या दिवशीची होती.

“तो आता तिथे नाही, ताई,” तो म्हणाला. “इकडे आहे.” आणि त्याने नव्या पुस्तकाचं पान उघडून ज-९५ दाखवला.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत होतं, तरी तिने शब्दबाईंकडे पाहिलं.

“म्हणजे त्याला काय झालं होतं?”

शब्दबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. 

“माहीत नाही,” शब्दबाई शेवटी म्हणाल्या. “अजून कुणालाच माहीत नाही. हा क्रमांक त्यासाठीच आहे. सगळं तपासलं आणि तरी कळलं नाही.”

ती त्या ओळीकडे पाहत राहिली.

“तेव्हा सगळ्यांना माहीत होतं,” ती म्हणाली. “सासूला माहीत होतं, शेजारणीला माहीत होतं. डॉक्टरांना माहीत होतं. एक मलाच कळत नव्हतं. मी रोज तेच सांगायचे. मला नाही माहीत, मी उठले तेव्हा तो गार होता.”

मग ती रडू लागली. तपासनीस खिडकीकडे वळला आणि टक्केने तक्ता हळूच घडी करून ठेवला. शब्दबाई मात्र खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. बाळाचं लाडाचं नाव काय होतं, तो हसायला लागला होता का, कुशीवर वळत होता का, असं एकेक विचारू लागल्या. दहा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती रडत रडत सांगत राहिली, आणि कचेरी बंद व्हायची वेळ झाली तरी तिला कुणी उठवलं नाही.